माशाच्या पोटातला गुलाबी दोरा

मी लहान असताना समुद्र आमच्या घरात वासाने यायचा. मंचरच्या आठवडे बाजारात एका कडेला सुकट-बोंबील विकणाऱ्या बायका बसायच्या. आई त्यांच्याकडून मापटंभर सुकट घ्यायची. ती तव्यावर पडली की शेजारची दोन घरं दारं लावून घ्यायची आणि तिसरं घर वाटी घेऊन यायचं. समुद्राचा ताजा मासा मात्र एम.एस्सी.ला जाईपर्यंत मी कधी हातात धरलेला नव्हता.

आई मार्केट यार्डात गोण्या शिवायची. कांदा-बटाटा भरून झाला, काट्यावर चढला, उतरला, की गोणीचं तोंड दाभणाने शिवून टाकायचं हे तिचं काम. वडील त्याच यार्डात हमाल होते. पिंपळवंडीला चुलत्यांची शेती होती, पण आम्ही मंचरला पत्र्याच्या एका खोलीत राहायचो आणि गावाकडे जत्रेलाच जायचो. आमच्या दोन्ही घराण्यांत माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात मला एवढी भीती का वाटली ते कळावं म्हणून सांगते.

माझ्या लहानपणी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, सगळ्या गोण्या तागाच्या असायच्या. आई संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवयांवर, केसांत, पोलक्याच्या शिवणीत तागाची बारीक कुसं दिसायची. हंगामभर ती खोकायची. यार्डातल्या सगळ्याच बाया खोकायच्या, त्यामुळे तो आजार आहे असं कोणाला वाटत नसे. मग मी पाचवी-सहावीत असताना जाळीच्या गोण्या आल्या. गुलाबी, लाल, काही जांभळ्या. आतला कांदा दिसायचा, त्याला हवा लागायची, उचलायला हलक्या. एका हंगामात आईचा खोकला गेला. पुढे मी प्लास्टिकबद्दल बरंच वाचलं, शिकवलं, पण त्याआधी हे नोंदवून ठेवावंसं वाटतं की आमच्या घरात प्लास्टिक आलं ते आईला बरं करत आलं.

फाटलेल्या जाळ्या शिवणाऱ्या बायकांना मिळायच्या. आमच्या घरी त्या जाळीचं काय होत नसे! लसूण टांगायला जाळी, कोंबडीच्या पिल्लांवर झाकायला जाळी, नळाच्या तोंडाला बांधायला जाळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घासणी. आई जाळीचा हातभर तुकडा घेऊन त्याची घडीवर घडी घालायची, मधोमध आवळून बांधायची आणि कडा मोकळ्या करायची. त्याचं गुलाबी फूल व्हायचं. राख घेऊन त्या फुलाने भांडं घासलं की त्यात तोंड दिसलं पाहिजे, हा तिचा नियम. आळीतल्या प्रत्येक मोरीत आईचं फूल खिळ्याला लटकलेलं असे.

मी बी.एस्सी. झाले आणि जुन्नरच्या बाजूला एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा आईने माझ्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि अशी दोन फुलं घातली.

"हे कशाला?"

"तितं बरण्या घासायला लागतील ना. आपल्या हातानं घासलेलं बरं. लोकांच्या घासणीला काय भरवसा?"

दोन हजारचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी सकाळच्या एस.टी.ने मंचरहून नारायणगाव, तिथून जुन्नरची गाडी, असा प्रवास करायचे. वर्गात आम्ही आठ जण. आम्हाला मासे शिकवणाऱ्या मॅडम मूळच्या कोकणातल्या, खाडीकाठच्या. प्रयोगशाळेचं सगळं बघायचे ते एक चाचा. ते जुन्नर शहरातले. त्यांच्या घराण्यात पूर्वी हाताने कागद बनवायचे. ते काम त्यांच्या आजोबांच्या काळातच थांबलं होतं, पण चाचा अजून कागद हातात आला की आधी उजेडाकडे धरून बघायचे आणि मग त्यावर काय लिहिलंय ते वाचायचे.

प्रयोगशाळेतले बाटल्या घासायचे ब्रश टक्कल पडलेले होते. मी आईचं फूल चाचांना दिलं. त्यांनी एक बरणी घासली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "बेटा, ही तर विकत आणलीय असं वाटतंय. तुझ्या अम्मीला सांग, चाचानं सलाम सांगितलाय." तेव्हापासून सिंकवरच्या खिळ्याला ते फूल लटकू लागलं. मॅडमनी एक मागून घेतलं आणि घरी नेलं. मला त्या दिवशी किती भारी वाटलं! शहरातल्या मुलींसमोर आपल्याकडे द्यायला काही आहे, असं पहिल्यांदा वाटलं.

पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात मॅडम आम्हाला सहलीला समुद्रावर घेऊन गेल्या. घाटाआधीच्या मढ गावात चहाला थांबलो, माळशेज घाट उतरलो आणि दुपार कलल्यावर एका खाडीच्या तोंडाशी पोहोचलो. ओहोटी होती. पाणी मागे सरलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलावर हिरवंगार गवत दिसत होतं. अगदी आमच्या बांधावरच्या हरळीसारखं, पण बुटकं आणि पानं गुळगुळीत.

"शेवाळ आहे ना मॅडम?" मी विचारलं.

"नाही. उपटून बघ."

मी उपटलं. खाली पांढरी मुळं होती.

"शेवाळाला मूळ नसतं," मॅडम म्हणाल्या. "हे खरंखुरं गवत आहे, समुद्रातलं. याला फूलसुद्धा येतं. भरती आली की हे सगळं पाण्याखाली जातं आणि लहान मासे इथे चरायला आणि लपायला येतात. आमची आजी याला बोयांचं कुरण म्हणायची."

बोय हा चंदेरी, गोल अंगाचा मासा. तळाचा गाळ तोंडात घेतो, त्यातलं खाण्याजोगं ठेवतो. भरती चढल्यावर एका म्हाताऱ्या कोळ्याने पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, फेकून आम्हाला बोय काढून दिले. आम्ही ते काचेच्या बरण्यांत स्पिरिटमध्ये ठेवले. येताना सबंध घाटात एक बरणी माझ्या मांडीवर होती. मॅडमनी मला प्रकल्पाचा विषय दिला होता: समुद्रगवतातल्या बोय माशांचं अन्न. पोट उघडायचं, आत काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, काढायचं, लिहायचं.

यार्डात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. मी आईला डबा द्यायला गेले की गोण्यांच्या थप्पीमागून आवाज यायचा.

"आली गं मासेवाली! आज कुनाचं प्वाट फाडलं?"

"बोयचं, मावशी."

"काय निघालं मंग, कांदा का बटाटा?"

"गाळ निघाला."

"गाळ बगायला पंध्रा वर्सं शाळा शिकली व्हय? आमाला इचारलं आस्तं तर नाल्यात दावला आस्ता."

सगळ्या हसायच्या. आईही हसायची, पण दाभण खाली न ठेवता.

पोटांत खरंच गाळ होता. गाळ, गवताच्या पानांचे हिरवे तुकडे, शेवाळाच्या साखळ्या, कधी एखाद्या इवल्या कोळंबीचा पाय. मला ते काम आवडायला लागलं होतं. आणि मग एका सकाळी, सातव्या की आठव्या माशात, ताटलीत काढलेल्या गाळाच्या मधोमध एक गुलाबी दोरा दिसला.

मी तो मॅडमना दाखवला. त्यांनी बराच वेळ डोळा भिंगावरून काढला नाही. मग म्हणाल्या, "हे प्लास्टिक आहे गं." थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी एका इंग्रजी लेखात वाचलं होतं की समुद्रात प्लास्टिकचे अगदी बारीक कण आणि तंतू सापडू लागले आहेत. मायक्रोप्लास्टिक हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आमच्या अभ्यासक्रमात तो नव्हता. मॅडम म्हणाल्या, "आता आपण नुसतं अन्न बघायचं नाही. माशाचं पोट तीव्र अल्कलीत विरघळवायचं. मांस, गवत सगळं बरंचसं विरघळेल. प्लास्टिक विरघळणार नाही. उरलेलं पाणी कागदातून गाळायचं आणि कागदावर काय राहतं ते बघायचं."

आम्ही तसं करू लागलो. आणि दोरे निघू लागले. जवळजवळ प्रत्येक माशात. कुठे एक, कुठे पाच-सहा. सगळे गुलाबी-लाल. मी बाटल्या आणखी काळजीने घासू लागले, कारण एवढ्या महत्त्वाच्या कामात घाण राहता कामा नये. प्रत्येक बाटली आईच्या नियमाने, तोंड दिसेपर्यंत. आणि दोरे वाढतच गेले.

मॅडम हरखून गेल्या होत्या. पुण्यात एका दिवसाचं चर्चासत्र होतं. त्यात विद्यार्थ्यांना बोलायची संधी होती, तर त्यांनी माझं नाव कळवून टाकलं. निबंधाचं नावही गेलं: समुद्रगवतातल्या माशांच्या पोटातलं प्लास्टिक. हाच माझा प्रकल्प, यावरच माझं एम.एस्सी. वडिलांनी यार्डात सगळ्या हमालांना सांगितलं. "पोरगी पुन्यात भाषान करनार." आईने माझ्यासाठी नवी साडी बघून ठेवली.

चर्चासत्राआधीच्या एका सुट्टीच्या दुपारी मी माझी चित्रांची वही आणि काचेची एक पट्टी घरी आणली. पट्टीवर सगळ्यात लांब दोरा बसवलेला होता. साध्या डोळ्यांना दिसेल एवढा, भाताच्या अर्ध्या दाण्याइतका. मला घरच्यांना दाखवायचं होतं की मी एवढं काय करते. वडिलांनी पट्टी हातातच घेतली नाही. "फुटंल," म्हणाले आणि लांबूनच मान हलवली. आई उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिने हात पदराला पुसले, पट्टी घेतली, उन्हाकडे धरली. मग वहीतलं मोठं करून काढलेलं चित्र बघितलं. मी दोरा चपटा काढला होता, फितीसारखा, कडेला उभी चीर गेलेला.

"ही आपली जाळी हाय," आई म्हणाली.

"काय?"

"कांद्याची जाळी."

"अगं आई, हे माशाच्या पोटातून निघालंय. समुद्रातल्या माशाच्या."

"मंग तो मासा मंचरला यिऊन गेला आसंल."

मी हसले. ती हसली नाही. उठून मोरीकडे गेली आणि खिळ्यावरचं फूल घेऊन आली. त्याची एक कड नखाने उकलली. बारीकसा दोरा सुटला, तो तिने माझ्या चित्रावर ठेवला. चपटा. कडेला उभी चीर.

"मासे धरायच्या जाळ्याचा दोरा गोल आस्तो. नायलॉनचा. सुकटवाल्या बाया त्याच जाळ्याच्या तुकड्यात सुकट बांधून आन्त्यात, म्या कितींदा सोडलंय. ही चपटी फीत हाय. उन्हात राह्यली का उभी फाटती आन् झडती. रोज बोटं कापती माझी, मला न्हाई कळायचं?"

"समुद्रातसुद्धा कांद्याच्या गोण्या जात असतील ना?"

"जात आस्तील की," आई म्हणाली आणि परत लसूण सोलायला बसली. "म्या कुटं न्हाई म्हन्ते. आपली हाय एवडंच म्हन्ते."

दुसऱ्या दिवशी एस.टी.त खिडकीशी बसले होते. नारायणगाव मागे पडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम प्रयोगशाळेतला सिंक आला. सिंकवरचा खिळा आला. खिळ्यावरचं गुलाबी फूल आलं. प्रत्येक बाटली मी त्यानेच घासली होती.

मी दोन दिवस कोणाला काही बोलले नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण ते खरं आहे. मी मनाशी वाद घालत होते. समुद्रात प्लास्टिक आहे हे तर मॅडमनीच वाचलंय. मग माझ्या माशांत असणारच. दोरा कुठला हे कोण विचारणार? पुण्यात कोणाला कांद्याची जाळी ठाऊक आहे? नाव गेलंय, साडी आलीय, वडिलांनी सांगून ठेवलंय. आणि सांगितलं तर? उघडलेले सगळे मासे वाया. मासे पुन्हा आणायला वेळ नाही. वर्ष गेलं तर घरी काय सांगू? आमच्या घरात एकदा नापास झालेल्या मुलीला दुसऱ्यांदा शिकवायची पद्धत अजून कोणी पाडलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी चाचा बाटल्या धूत होते. मी शेजारी नुसती उभी राहिले.

"बेटा, काय झालं? दोन दिस झाले, घासती कमी आणि बघती जास्त."

मी त्यांना सांगितलं. जाळीचं, आईचं, चित्राचं. चाचांनी हातातलं फूल उजेडाकडे धरून बघितलं, जसे ते कागद बघायचे.

"माझे दादा, दादा म्हणजे आजोबा, कागद करायचे ना," ते म्हणाले, "त्यांची एक रीत होती. लगदा हौदात घालायच्या आधी साचा नुसत्या पाण्यात बुडवून काढायचा. रिकामा. साच्यावर कचरा आला तर दोष पाण्याचा. मग हौद धुवा. नाय आला तर पुढचं काम. दादा म्हणायचे, आधी रिकामं बघा. तू रिकामी बाटली बघितली का?"

मी बघितली नव्हती. एवढ्या बाटल्या गाळल्या आणि ज्यात मासाच नाही अशी एकही बाटली गाळली नव्हती.

आम्ही एक बाटली घेतली. मी ती नेहमीसारखी, आईच्या नियमाने, चकचकीत घासली. तिच्यात मासा घातला नाही. नुसतं अल्कलीचं पाणी घातलं आणि माशांच्या बाटल्या जितके दिवस ठेवायचो तितके दिवस ठेवली. मग कागदातून गाळली. कागद चाचांनीच भिंगाखाली सरकवला.

कागदावर नऊ गुलाबी दोरे होते.

मॅडमच्या खोलीत मी उभी राहूनच सगळं सांगितलं. त्यांनी "बस" म्हटलं तरी बसवेना. रिकाम्या बाटलीचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी भिंग घेऊन दोरे मोजले. मग म्हणाल्या, "इतके दिवस मी किती आनंदात होते गं." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"चूक माझी आहे मॅडम. माझ्या आईने दिलेली घासणी होती."

"तुझ्या आईचं नाव काढू नकोस. रिकामी बाटली लाव हे मी तुला सांगायला हवं होतं. शिकवणारी मी आहे." मग अचानक त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "आणि मी रोज त्याच फुलाने माझ्या मुलाचा डबा घासते." त्या हसल्या. मीही हसले आणि मग मला रडू फुटलं.

मॅडमनी पाणी दिलं. मग कपाट उघडून एक बरणी काढली. त्यात त्याच सहलीतले बोय होते. उरलेले, त्यांनी कॉलेजच्या संग्रहासाठी बाजूला ठेवलेले. "हे घे. संग्रहाला पुढच्या वर्षी आणू. नाव मागे घ्यायचं नाही. जे निघेल ते सांगायचं. काही नाही निघालं तर तेही सांगायचं."

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, तिला वाईट वाटेल, आपल्या फुलामुळे पोरीचं काम नासलं म्हणून. आई म्हणाली, "तरी म्या सांगितलं व्हतं." मग थोड्या वेळाने, "आता कशानं घासनार?"

"माहीत नाही. नुसत्या हाताने."

"नुसत्या हातानं काय निघतंय?" ती पत्र्यामागे गेली. तिथे कुंपणावर घोसाळ्याचा वेल होता. त्यावर जून होऊन वाळलेली दोन घोसाळी लटकत होती. तिने ती तोडली, साल सोलली, बिया झटकल्या. आतली जाळी राहिली, पिवळसर, वेलीने स्वतः विणलेली. "जाळीच्या गोन्या यायच्या आदी आमी यानंच घासायचो. माजी आईबी यानंच घासायची. याचा दोरा सुटला तर तुला कळंल का?"

मी विचार केला. "याच्या दोऱ्याला तापलेली सुई लावली तर तो जळून काळा होईल. प्लास्टिकचा आकसून गोळा होतो."

"आगं ते तर यार्डात बी तसंच बगत्यात," आई म्हणाली. "सुतळी तागाची का भेसळीची, ते काडी लावून. ताग आसंल तर राख, न्हाईतर गोळी." तिने घोसाळी माझ्या पिशवीत घातली. "लई शिकलीस, पन यार्डातलंच शिकलीस."

पुढचे तीन आठवडे मी जितकं सावकाश काम केलं तितकं आयुष्यात पुन्हा कधी केलं नसेल. टेरीकॉटचा ड्रेस घालायचा नाही, आईची जुनी सुती साडी. बाटल्या घोसाळ्याने घासायच्या, मग आधीच गाळून ठेवलेल्या पाण्याने तीनदा विसळायच्या. उघडी बाटली क्षणभरही ठेवायची नाही, वर काच. आणि माशाच्या प्रत्येक बाटलीशेजारी एक बिनमाशाची बाटली. चाचांनी तिच्यासाठी चिठ्ठ्या कापल्या आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: रिकामी. सिंकवरचा खिळा त्यांनी उपटूनच टाकला.

पहिली रिकामी बाटली गाळली. कागद कोरा. चाचा म्हणाले, "आता हौद साफ झाला."

मग मासे. पहिला, गाळ विरघळून राहिलेली वाळू, बाकी काही नाही. दुसरा, तेच. तिसरा, चौथा. मी रोज भिंगातून वर मान करायचे आणि चाचा दारातून विचारायचे, "कोरा?" मी म्हणायचे, "कोरा." एक माणूस म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मासे स्वच्छ होते, गवत खाऊन, गाळ खाऊन सुखात होते. पण खरं सांगते, माझा धीर सुटत चालला होता. भाषणात काय सांगायचं, की काहीच नाही?

मग दोन माशांत ते दिसले. एका बोयमध्ये एक दोरा, दुसऱ्यात दोन. हिरवट निळे. चपटे नाहीत, गोल, केसासारखे. शेजारच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा बघितल्या, कोऱ्या. मॅडमना बोलावलं. चाचांनी स्पिरिटच्या दिव्यावर सुई लाल केली. मी सुईचं टोक दोऱ्याजवळ नेलं. दोरा आकसला आणि त्याचा टिंबाएवढा गोळा झाला.

मला आनंद झाला आणि लगेच स्वतःची शरम वाटली, की माशाच्या पोटात प्लास्टिक निघालं म्हणून मी आनंदते आहे. हे मी मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मलाही तसंच वाटतंय. बाकीच्यांची पोटं कोरी निघाली, तेही आपणच बघितलंय ना? दोन्ही लिही."

पुण्यातल्या त्या सभागृहात मी नवी साडी नेसून उभी राहिले. प्रोजेक्टरवर मी दोन चित्रं ठेवली. एकात चपटा गुलाबी दोरा, एकात गोल निळा. आधी गुलाबी दोऱ्याची गोष्ट सांगितली, न लपवता. आई मंचरच्या यार्डात गोण्या शिवते हे सांगितलं. दोरा तिने ओळखला हेही सांगितलं. मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. मग रिकामी बाटली, मग घोसाळं, मग कोरी पोटं आणि शेवटी ते दोन मासे. वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा मी अजून उभीच होते.

प्रश्न एकच आला. दुसऱ्या कॉलेजातल्या एक वयस्कर बाई उठल्या. मला वाटलं आता हजेरी घेणार. त्यांनी विचारलं, "घोसाळं कुठल्या जातीचं? आमच्याकडची जाळी फार विरळ निघते." सगळे हसले. मीही हसले आणि बी पाठवायचं कबूल केलं. चहाच्या वेळी तिघा विद्यार्थ्यांनी मला गाठलं आणि आपापल्या बाटल्यांबद्दल विचारलं. त्यांतल्या एकीने अगदी हळू आवाजात सांगितलं, "आम्ही रिकामी बघितलीच नाही अजून."

प्रकल्प मंजूर झाला. त्यात एक पान चुकीबद्दल आहे. मॅडमनी ते वगळू दिलं नाही. पुढे त्याच कॉलेजात मी काही वर्षं शिकवलं. दर हिवाळ्यात आईच्या वेलावरची डझनभर वाळकी घोसाळी एस.टी.तून माझ्याबरोबर जायची. चाचा निवृत्त होईपर्यंत ती मोजून घ्यायचे आणि एक घरी न्यायचे.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती चर्चासत्राहून परतल्याची संध्याकाळ. यार्ड आवरत आलं होतं. आई शेवटच्या गोण्यांची तोंडं शिवत होती. बाया जमल्या.

"काय गं मासेवाली, झालं का भाषान? टाळ्या वाजवल्या का?"

"वाजवल्या. आईचं पण सांगितलं."

"तिचं काय सांगितलं?"

"की तिने दोरा ओळखला."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. एकजण म्हणाली, "आता काय बया, पुन्याला नाव गेलं. हिच्याकडून गोनी शिवायची म्हंजी अर्ज करावा लागंल." आई खाली मान घालून शिवत राहिली, पण टाका चुकला. तिने तो उसवला. मग दाभण हातात तसंच धरून तिने मला विचारलं, "त्या दोन माशांच्या पोटात निघालं, ती जाळी कुनाची?"

"माहीत नाही, आई."

"आपली न्हाई ना?"

"नाही. रिकाम्या बाटल्या कोऱ्या होत्या."

"मंग कुनाची तरी आसंलच," ती म्हणाली आणि दाभणात सुतळी ओवली. "त्यानला सांगायला नगं? जा, बग की."